सरकीतलं द्राक्षासव

महाराष्ट्र राज्य झालं त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात, संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात, मलकापूरच्या आमच्या घरी द्राक्षासवाची मडकी उघडली. आतला सगळा माल शिरका झाला होता.

वडील वैद्य होते. चूर्णांना आणि काढ्यांना गिऱ्हाईक जेमतेम. घर चालायचं ते द्राक्षासवावर. मनुका, गूळ आणि धायटीची फुलं पाण्यात घालायची, मडक्याचं तोंड कापडमातीनं लिंपायचं आणि मडकं महिनाभर ज्वारीच्या राशीत पुरायचं, अशी त्यांची पद्धत होती. दारूबंदी होती, त्यामुळे आसवं करायला परवाना लागे. संक्रांत झाली की दारूबंदी खात्याचे इन्स्पेक्टर नमुना न्यायला येणार होते. नमुना औषध ठरला तरच परवाना पुढे चालणार होता.

त्या वर्षी ज्वारी पावसात काळी पडली, शेजाऱ्यांकडे रास लागलीच नाही. कापसाच्या एका दलालानं जिनिंग कारखान्यातला सरकीचा ढीग सुचवला. तो वडिलांचं आसव नेमानं घेणारा.

"ज्वारीपक्षा सरकी गरम राह्यते, वैद्यबुवा. लवकर तयार होईन."

वडिलांनी ऐकलं. सरकी ओलसर होती, ती आतून तापली. मडक्यांचे लेप तडकले आणि हवा आत गेली. मडकी काढताना हाताला चटके बसत होते.

वडिलांनी चमचाभर तोंडात घेतलं, थुंकलं, पुन्हा घेतलं. मग त्यात मध घातला, गूळ घातला. आई म्हणाली, "आता पुरे करा." ते संध्याकाळपर्यंत ढवळत राहिले.

आमच्या ओट्यावर रोज चार-पाच जण जमत. सगळ्यांचं दुखणं एकच, पचनाचं. काचेच्या वाटीत आसव घेऊन ती उजेडाकडे धरायची, रंग बघायचा, वास घ्यायचा, मग घोट जिभेवर फिरवायचा. यंदाचं तुरट आहे की परवाच्या सालचं जास्त गोड होतं, यावर वाद चाले. आसव जितकं जुनं तितकं चांगलं, यावर मात्र एकमत होतं. आपण जुनी बाटली राखून ठेवली आहे, असं प्रत्येक जण सांगे.

नवं आसव घालायला महिना नव्हता. वडील म्हणाले, "त्यांच्याकडं जुन्या बाटल्या आहेत. माझ्याच हातचं आहे. तेच नमुन्याला देऊ." मी मॅट्रिक होऊन घरीच होतो. आम्ही दोघं एकेकाच्या घरी निघालो.

दलाल म्हणाला, "ते तं पोळ्यालेच संपली."

"तुम्ही पाच वर्षं ठेवणार होता ना?" वडिलांनी विचारलं.

"ठेवली होती हो. पण कपाट उघडलं का दिसे. मंग राह्यवत नाई."

ओट्यावरच्या निवृत्त मास्तरांनी बाटली दाढदुखीत संपल्याचं सांगितलं. तिसऱ्या घरी किराणा दुकानदारानं आतून लाखेनं बंद केलेली भरली बाटली आणली. वडिलांनी ती दोन्ही हातांनी घेतली, तिथंच लाख फोडली आणि वास घेतला. बाटलीत बिनदुधाचा चहा होता.

आतून दुकानदाराची बायको म्हणाली, "मी म्हणो, हे बाटली दिवाळीपासून भरेलच काऊन हाय! चहा भरून आमालेच दाखवत होते का?"

"तू चूप बैस वं."

"मी बसतो चूप. वैद्यबुवाईले काय सांगता, ते सांगा."

वडिलांनी विचारलं, "दुसऱ्या एखाद्या बाटलीच्या तळाशी थोडं तरी असेल?"

"नाई, वैद्यबुवा."

त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. दुकानदारानं चहाची बाटली त्यांच्या हातातून काढून घेतली. उरलेल्या दोन घरीही बाटल्या रिकाम्याच होत्या. त्यातली एक वडिलांनी उलटी करून तळहातावर झटकली. काही पडलं नाही.

संक्रांतीनंतर इन्स्पेक्टर आले. वडिलांनी मध-गूळ घातलेल्या त्याच मालाची बाटली पुढे ठेवली. त्यांनी बाटलीचं बूच काढलं, वास घेतला आणि वडिलांकडे पाहिलं.

"हाच माल?"

"हाच. साहेब, एक महिना द्या. राशीची सोय करतो, पुन्हा घालतो."

"मुदत माझ्या हातात नाही."

"मग पंधरा दिवस?"

इन्स्पेक्टरांनी बाटलीला मोहोर लावली आणि ती सोबत नेली.

परवाना पुढे चालू झाला नाही. चैत्रात वडिलांनी दारावरची वैद्यकीची पाटी काढली. वैशाखात ते खामगावच्या एका औषधाच्या दुकानात पुड्या बांधायला लागले.