ओटल्यावरचा केर

शारदावहिनी म्हणजे आमच्या परदेशीपुऱ्यातलं खणखणीत नाणं. मिलला टाळं लागलं, तेव्हा त्यांचे यजमान रघुवीर भोंग्याच्या वेळेला सवयीने डबा घेऊन दारात बसायचे. वहिनींनी एक दिवस तोच डबा उचलला, साबुदाण्याच्या खिचडीने भरला आणि थेट सराफा बाजार गाठला. "रडत बसून चूल पेटते का?" म्हणाल्या.

सराफ्यात दिवसा सोनं विकायचं आणि दुकानं वाढवली की त्यांच्या पुढच्या ओटल्यांवर, म्हणजे दगडी ओट्यांवर, खाणंवाल्यांनी बसायचं, ही जुनी रीत. बद्रीलालजी सराफांनी वहिनींना आपला ओटला दिला.

पहिल्याच संध्याकाळी वहिनींनी घोळ घातला. अन्न ठेवायची जागा आधी धुवायला नको? बादलीभर पाणी ओतून त्यांनी ओटला लख्ख केला. सेठजींनी कपाळावर हात मारला. तिथे दिवसभर त्यांचा कारागीर कानशीने दागिने घासत बसायचा. केरात सोन्याचे कण असायचे, ते चाळून काढत. तो सगळा केर गटारात गेला होता.

"बाईजी, सोना बहा दिया आपने!"

वहिनी रडकुंडीला आल्या. ते बघून सेठजीच हसायला लागले. "चलो, अब रोज आप ही झाडना."

तेव्हापासून वहिनी आधी ओटला झाडत, केर फडक्यात बांधून सेठजींच्या हातात देत आणि मगच शेगडी पेटवत. रघुवीर बटाटे सोलत. घर चाललं, आणि दोघं सुखात होती. मला तर त्यांचा हेवाच वाटायचा.

मग शहरात मोटारींचा सुळसुळाट झाला आणि राजवाडा ते सराफा हा रस्ता फक्त पायी चालणाऱ्यांसाठी ठेवायचं ठरलं. वहिनी खूश! पण त्यासाठी धर्मशाळेत भरलेल्या सभेत नगरपालिकेच्या मुकुल नावाच्या तरुण आर्किटेक्टने नकाशा टांगला, तेव्हा कळलं की गल्ली सरळ करायला सगळे ओटले तोडणार. खाणंवाल्यांना लांबच्या मैदानात जागा.

"परत टाळंच लागणार," रघुवीर पुटपुटले.

मुकुल काही वाईट मुलगा नव्हता. "काकू, तिथे नळ असेल, शेड असेल," तो म्हणाला. मग सराफांकडे वळला. "ओटला गेला की तुम्हाला पुढे मोठं शोकेस मिळेल, सेठजी."

शोकेस कोणाला नको? सगळे बद्रीलालजींकडे बघायला लागले. वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं. भांडायची सोय नव्हती, जागा सेठजींची होती.

सेठजींनी टोपी काढली, परत घातली. "देखो भिया, मेरे सोने की धूल रोज इनके हाथ में रहती है. मैंने आज तक पोटली खोलके नहीं देखी, सीधी छानने भेज देता हूँ. मेरा ओटला नहीं टूटेगा."

मागून दुसरे सराफही होला हो म्हणू लागले. मुकुलने खिशातून पेन्सिल काढली आणि तिथेच ओटले परत आखायला घेतले.

त्या संध्याकाळी वहिनींनी ओटला नेहमीपेक्षा सावकाश झाडला. फडकं देताना त्यांचे डोळे भरून आले होते. सेठजींनी ते तसंच, न उघडता, तिजोरीत टाकलं.

"आज मेरी खिचडी में नींबू जरा ज्यादा," ते म्हणाले.