बाबली हाडवैद्याचा एकेचाळिसावा दिवस

कोरगावच्या बाबली हाडवैद्याने चाळीस वर्षं लोकांचे मोडके हातपाय बांधले. मोडलेल्या हाडाच्या वरचा सांधा आणि खालचा सांधा बांबूच्या कांबींनी असे जखडायचा की माणूस कितीही बोंबलला तरी हाड जागचं हलायचं नाही. एकेचाळिसाव्या दिवशी कांबी सोडायच्या आणि तेल लावून आखडलेला सांधा मोकळा करायचा. त्याच्या हाताला यश होतं, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

गोवा राज्य झालं त्या मे महिन्यात त्याची एकुलती मुलगी योगिता काजूच्या झाडावरून पाठीवर पडली. कण्यातला एक मणका चिरडला, पण पाय हलत होते. बाबलीने स्वतः हात लावला नाही, थेट मोठ्या इस्पितळात नेलं. एवढं शहाणपण त्याने दाखवलं, हे सांगायलाच हवं.

ऑपरेशनआधी डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म उजेडासमोर धरली. "मोडक्या मणक्याच्या वरचे दोन आणि खालचे दोन मणके लोखंडी आकड्यांनी धरायचे, मध्ये दोन सळ्या. पण सळ्या नुसत्या धरून ठेवतात. जोडायचं काम हाडाचं, म्हणून तिच्याच कमरेच्या हाडाचे तुकडे काढून तिथे पसरणार. ते जुळेपर्यंत सहा महिने पट्टा, वाकणं बंद. हाड जुळलं नाही तर लोखंड आज ना उद्या हरतं."

बाबली मनात हसला. वर बांधा, खाली बांधा, हे तर त्याचंच शास्त्र! पुढचं त्याने अर्ध्या कानाने ऐकलं.

ऑपरेशननंतर एकेचाळिसाव्या दिवशी, घरी, त्याने पट्ट्याचे बंद सोडले.

"बाबा, डॉक्टरान स म्हयने सांगल्यान," योगिता म्हणाली.

"स म्हयने बांधून ठेयलंय तर लाकडासारकी जातलंस. पाठ वाकाक नको?"

नकोच होती वाकायला. जो ताठपणा घालवण्यात बाबलीचा जन्म गेला, तोच डॉक्टरांना तिच्या पाठीत कायमचा हवा होता. रोज सकाळी तेल चोळून तो ती पाठ थोडी थोडी वाकवत राहिला. तिसऱ्या आठवड्यात तिला आत काहीतरी करकन निसटल्यासारखं वाटलं. बापाला वाईट वाटेल म्हणून पोर गप्प राहिली. मग पायांना मुंग्या येऊ लागल्या, मग पाय उचलेनासे झाले.

नव्या फिल्ममध्ये वरचे आकडे निखळलेले होते, पसरलेलं हाड जुळलं नव्हतं आणि मोडका मणका आतल्या शिरांवर कलला होता. पुन्हा ऑपरेशन करू, डॉक्टर म्हणाले, पण ती चालेल याची हमी नाही. मग त्यांचा आवाज चढला. "पट्टा कुणी काढला?"

खाटेवरून योगिता म्हणाली, "मियाच काडलंय. बाबाक म्हायती नाय."

डॉक्टर तिच्यावर कडाडले. मूर्ख म्हणाले, बापाच्या कष्टांवर पाणी फिरवलंस म्हणाले. बाबली खाटेच्या पायथ्याशी उभा होता. खरं सांगायला त्याला एक शब्द पुरला असता. पोर खाली मान घालून ऐकत होती, आणि बाबली, मान हलवून हलवून, डॉक्टरांना दुजोरा देत होता.