नीराबाईची मिश्री

नीराबाईइतकी मिश्री बोर्ली पंचतनच्या बाजूच्या त्या कोळीवाड्यात दुसरं कुणी लावत नसे. बाकीच्या बायका सकाळी एकदा लावत आणि दुपारी वाळत घातलेली मासळी उलटून सावलीला टेकल्या की एकदा. नीराच्या तोंडात मात्र भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड दिवसभर असायची. "एक येळ जेवायला इसरंल, पर मिश्रीला न्हाय इसरायची," असं सासू आवडाबाई चारचौघींत म्हणायच्या आणि जावा खिदळायच्या. नीराही हसायची, पण ओठ मिटून.

तिला कसलं आलंय व्यसन! तो पडदा होता. नीराच्या हिरड्या जाड होत्या, दातांवर अर्ध्यापर्यंत चढलेल्या. काळ्या करून टाकल्या की दात कुठं संपला आणि हिरडी कुठं सुरू झाली ते बघणाऱ्याला कळायचं नाही. ही युक्ती तिच्या आईची. लग्नाआधी महिनाभर आईनं तिला मिश्रीची सवय लावली होती. पोरीला ठसका लागायचा, डोळ्यांतून पाणी यायचं, पण आईनं ऐकलं नाही.

नीराचं माहेर तळा गावाच्या बाजूला, खाडीकाठच्या एका वस्तीत. त्या घरात सगुणाआत्या होती, बापाची सख्खी बहीण. तिच्या हिरड्या इतक्या वाढलेल्या की दात एकही दिसत नसे आणि ओठ मिटत नसत. कपाळावर, गालांवर, पाठीवर काळेभोर केस. ती मागच्या पडवीत बसून जाळी विणायची आणि नीराची वेणी घालायची. बाजार तिनं जन्मात पाहिला नव्हता. बापाच्याही हिरड्या तशाच होत्या, अंगावर केसही तसेच, पण पुरुष माणसाच्या दाढीमिशीत काय काय खपून जातं! नीराला बघायला पाहुणे आले त्या दिवशी आत्याला शेजारच्या गोठ्यात नेऊन बसवलं. आत्या मुकाट्यानं गेली. लग्न होऊन निघताना आईनं नीराला बजावलं, "सासरी आत्याचं नाव काढायचं न्हाय."

लग्नाला वर्ष होतं न होतं तोच तापाची मोठी साथ आली आणि माहेरचं सगळं घर, शेजारपाजारासकट, पंधरवड्यात आटोपलं. आई, बाप, आत्या, कुणी उरलं नाही. नीरा ऊर बडवून रडली. रडता रडता मनात एक विचार येऊन गेला, की आता सांगणारं कुणी राहिलं नाही. त्या विचाराची तिला पुढं आयुष्यभर शरम वाटली.

नवरा अनंता मोठा गुणी तांडेल. त्याच्या होडीवर काम मिळावं म्हणून पोरं धडपडायची. बोलायला मऊ, बायकोवर आवाज चढवल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. नीराला दिवस गेले तेव्हा खाडीत एक पाणमांजर माजलं होतं. रोज जाळं फाडायचं आणि मासळी पळवायचं. एका सकाळी अनंताचं डोकं फिरलं. त्यानं वल्ह्याच्या तडाख्यानं ते मारलं आणि मोठ्या ऐटीत किनाऱ्यावर आणून टाकलं. ते बघून आवडाबाईंनी कपाळावर हात मारला. घरात बायको पोटुशी असताना नवऱ्यानं केसाळ जनावर मारायचं नाही, असं कोळीवाड्यात लहान पोरही सांगेल.

त्यानंतर रतन जन्मली. पाठीवर, दंडांवर, कपाळावर मऊ काळे केस. सुईण पोरीला हातात घेऊन पुटपुटली, "पाणमांजर गं बाई!" आणि दाराबाहेर अनंतानं ते ऐकलं. "म्या केलं," तो म्हणाला, "ह्ये म्या केलं."

नीरानं पोरीकडं पाहिलं. तिला पाणमांजर दिसलं नाही, सगुणाआत्या दिसली. ती सांगणारच होती. ओठ उघडलेही. पण सासू तिला बोल लावत नव्हती, उलट पायाला शेक देत होती. जावा अनंताकडं बघून मान हलवत होत्या. खरं सांगितलं असतं तर त्याच बायकांनी तिला पोरीसकट दाराबाहेर काढलं असतं. बारसं झालं की सांगू, असं तिनं ठरवलं. बारसं झालं. मग पोरीनं बाळसं धरलं की सांगू, असं ठरलं.

केस तर होतेच, पण दात यायच्या वयाला रतनच्या हिरड्याच फुगत गेल्या आणि दात आत गाडलेले राहिले. तेव्हा अनंतानं हरिहरेश्वरला जाऊन शपथ घेतली. पोरीचे दात जगाला दिसत नाहीत तोवर जाळ्याला हात लावायचा नाही! केस तर होतेच, पण दात यायच्या वयाला रतनच्या हिरड्याच फुगत गेल्या आणि दात आत गाडलेले राहिले. अनंतानं होडी धाकट्या भावाला, शिवदासला दिली आणि स्वतः दिघीच्या बंदरावर उतारू वाहायला गेला. आगबोट लांब उभी राहायची. पडावातून आलेल्या शेटजींना, त्यांच्या बायकांना, ट्रंकांना खांद्यावर घेऊन तो चिखलातून काठावर आणायचा. ज्याच्या शब्दावर शिडं चढायची तो माणूस हमाल झाला. संध्याकाळी शिवदासची होडी परतली की अनंता काठावर उभा राहून ती बघायचा, आणि नीरा अनंताला बघायची. मग ती घरात जाऊन मिश्री लावायची.

रतन दहा-अकरा वर्षांची झाली तेव्हा कुणीतरी माणगावच्या दवाखान्याचं नाव काढलं. बैलगाडीनं तिघं गेली. डॉक्टर तरुण होता, रतनला हसवत हसवत त्यानं तिचं तोंड तपासलं. म्हणाला, "हे घराण्यातून येतं. आईकडून नाहीतर बापाकडून. तुमच्यात कुणाला आहे?"

"कुनाला न्हाय, सायेब," अनंता हात जोडून म्हणाला. "पाप माजं हाय. म्या जनावर मारलं."

डॉक्टरनं नीराकडं पाहिलं. "बाई, जरा तोंड उघडा."

नीरानं पदर तोंडाला लावला. "मिश्री हाय तोंडात," ती म्हणाली. आणि वर म्हणाली, "आमच्यात कुनाला न्हाय."

डॉक्टरनं पुन्हा विचारलं नाही. हिरडी मुंबईला कापून मिळते, पण दात आहेत तोवर ती पुन्हा वाढते, दात गेले की मग आपोआप बसते, एवढं त्यानं समजावून सांगितलं. परतताना अनंता गाडीत म्हणाला, "तुला उगा तोंड उघडायला लावत व्हता. तुजा काय दोष?" नीराला वाटलं, ह्या क्षणी बैल उधळावेत आणि गाडी दरीत जावी.

पण माणसाचं मन किती नीच होऊ शकतं पाहा. डॉक्टरचं शेवटचं वाक्य तिनं नेमकं ध्यानात ठेवलं. दात काढले की हिरडी बसते! कोळीवाड्यात वैदू येत, जडीबुटी विकत, तुंबड्या लावत, दात काढत. पुढच्या खेपेला ते आले तेव्हा नीरानं दुखतंय म्हणून दोन दात काढून घेतले. नंतर आणखी. रक्त थुंकत ती घरी यायची आणि आवडाबाई म्हणायच्या, "मिश्रीनं खाल्लं गो तिचं तोंड." पस्तिशीच्या आतच नीरा बोळकी झाली. हिरड्या बसल्या, गुळगुळीत झाल्या, कुणाही म्हातारीच्या असतात तशा. आता मिश्रीची गरज नव्हती, तरी ती लावायची. एव्हाना खरोखरच व्यसन लागलं होतं.

रतनचं लग्न होईल असं कुणाला वाटलं नव्हतं. पण पलीकडच्या गावचा भागोजी, बायको गेलेला भला माणूस, चालत आला. "मला दात मोजायचे न्हाईत," म्हणाला, "पोरगी मनानं चांगली हाय." अनंता तेव्हा पोरासारखा नाचला. नातवंडाचे दात तरी दिसतील, त्यानंच आपली शपथ फिटेल, असं त्यानं देवाकडून परस्पर कबूल करून घेतलं. जुनं जाळं काढून तो दुरुस्त करायलाही बसला.

रतन बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. पाठीवर, दंडांवर, कपाळावर मऊ काळे केस.

अनंतानं जाळं गुंडाळून माळ्यावर टाकलं. तो घराबाहेर, बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांखाली जाऊन बसला तो दाराकडं पाठ करून. "माजी सावली त्याच्यावर नको," म्हणाला. "माजं पाप नातवापतुर आलं." ज्या नातवाची इतकी वाट पाहिली त्याला तो हातात घेईना, त्याचं तोंडही बघेना. नीराला ते सोसवेना. भर दुपारी ती त्याच्यासमोर जाऊन बसली.

"तुमी काय केलं न्हाई," ती म्हणाली. "ह्ये माज्या घराचं हाय. माजी आत्या अशी व्हती. माजा बाप असा व्हता. मी पन हाय. म्या लपवलं."

अनंता मान हलवू लागला.

"ह्या तोंडात व्हतं," म्हणत तिनं मिश्री धुऊन टाकलेलं तोंड त्याच्यापुढं उघडलं. "बगा!"

त्यानं पाहिलं. गुळगुळीत, पातळ, गुलाबी हिरड्या. त्यांत वाढलेलं, फुगलेलं काहीच नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं तिचे दोन्ही हात धरले.

"नीरा, माजं वझं हलकं व्हावं म्हनून मेलेल्या मानसांवर डाग लावतेस? सोतावर लावतेस?"

"खरं हाय वो! तळ्याकडं चला, विचारा कुनाला बी!"

"कुनाला विचारू? तुजं कोन हाय तितं?" तो म्हणाला. "डाक्तरनं विचारलं तवा मी व्हतो की शेजारी. तू न्हाय म्हनालीस. तू कदी खोटं बोलत न्हाईस."

ती ओरडली, आत्याची शपथ घेतली, नातवाची घेतली. तसा तो जास्तच गहिवरला. संध्याकाळपर्यंत त्यानं ते साऱ्या कोळीवाड्याला सांगितलं. बायको असावी तर अशी! नवऱ्याचं पाप आपल्या पदरात घेते! ज्या जावा हसायच्या त्या येऊन पाया पडून गेल्या. पुढं कुठलीही नवी नवरी वाड्यात आली की तिला आधी नीराबाईच्या पायांवर घालायची रीत पडली. नीराबाई पाय मागं ओढायची, "नको गं, मी तशी न्हाय," म्हणायची. बायका म्हणायच्या, बघा, किती नम्र!

आत पाळण्यात नातू रडायचा. आणि काठ्यांखाली अनंता दाराकडं पाठ करून, कान देऊन बसलेला असायचा.