उभी बाहुली

बाबांनी उजवा हात खिशातून काढलाच नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मी रागात होते. मिहानमधल्या ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा काढून त्यांना कळसूत्री बाहुल्यांचं प्रदर्शन दाखवायला आणलं, आणि संग्रहालयाच्या दारातच ते म्हणाले, "घरी जाऊ वं."

बाबा उमरेडच्या शाळेत हस्तकला शिकवायचे. गॅदरिंगला त्यांच्या बाहुल्यांचा खेळ ठरलेला. मी दोऱ्या ओढायला धावले की म्हणत, "नाचवणं कोणालेही जमते. आधी तिले उभी ठेव." शंभर मोजेपर्यंत बाहुली जागची हलता कामा नये. पाय टेकलेले, मान सरळ. मी बत्तीसच्या पुढे कधी गेले नाही. बाबा गप्पा मारत मारत शंभर करायचे.

आत एका टेबलावर लाकडाचा ठोकळा, मग कोरलेलं डोकं, मग रंगवलेला चेहरा असं ओळीने मांडलं होतं. वर टांगलेल्या बाहुल्या पंख्याच्या वाऱ्याने सावकाश वळायच्या आणि सगळ्यांची तोंडं एकदम आमच्याकडे यायची. बाबा कुठेच थांबेनात.

शेवटच्या दालनात एक मुलगी पाहुण्यांच्या हातात बाहुली देत होती. शहाणपणा मीच केला. "माझे बाबा दाखवतील तुम्हाला, उभी कशी ठेवायची ते."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरलेले नाही. मग तो हात खिशातून निघाला आणि त्यांनी बाहुलीच्या दोऱ्या बांधलेली दांडी धरली.

बाहुलीचे पाय टेकले. आणि तिची मान हलू लागली. बारीक, सारखी, नको नको म्हणत असल्यासारखी. मग हात, मग घागऱ्याची किनार.

"बापरे, किती जिवंत!" मुलगी म्हणाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मला बशीत सांडलेला चहा आठवला. शर्टाची उघडी राहणारी बटणं. "नीट धरा ना बाबा," म्हणून महिनोन् महिने मी किती खेकसले होते! लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती वाटली.

टाळ्या थांबल्या, मान थांबली नाही. बाबा मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाले, "थांबव ना वं तिले. मले जमून नाही राहिलं."

मी त्यांचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरलं. बाहुली तरी हलतच होती.