मोहाच्या झाडाआडून दिलेली हाक

मंडळी, माझी मोठी बहीण शेवंताबाई आज पहाटे फार दिवसांनी आमच्यासोबत मोहफुलं वेचायला आली.

आमच्या धानोऱ्याकडे वेचणारे एकमेकांना हाका देत राहतात. त्यामुळे अस्वल लांब राहतं आणि माणूस चुकत नाही. ज्याला हाक ऐकू येत नाही, त्याला कोणी सोबत नेत नाही.

ऐंशीच्या दशकात आमच्या बाबांचं जंगल असंच सुटलं. त्यांचं ऐकण्याचं यंत्र खिशात आणि वायर कानात. चालू लागले की त्यांना सदऱ्याची खसखसच ऐकू यायची. ते पाहिलेली बाई, म्हणजे आमची शेवंताबाई, स्वतःला कमी ऐकू येऊ लागलं तरी म्हणायची, "आणखी चांगलं निघू दे, मंग घेईन."

शेवटी मीच हट्टाने तिला नेऊन कानामागे शेंगदाण्याएवढं नवं यंत्र बसवून आणलं. आज मुद्दाम झाडाआडून बारीक हाक दिली.

"काऊन इतक्या हळू आवाज देऊन राह्यला रे? भाकर नाई खाल्ली का?"

साऱ्या बाया हसल्या. बाईची टोपली माझ्याआधी भरली.

उद्याची यंत्रं याहून चांगली येतील, यात शंका नाही. पण मोहफूल कोणासाठी झाडावर थांबत नाही. तुमच्या घरी कोण त्या यंत्रांची वाट पाहत बसलं आहे?