राजकुमारचे नऊ शुक्रवार

रविवारचं नाव काढलं की माणसांचे चेहरे खुलतात, राजकुमारचा मात्र उतरायचा. कारण साधंच होतं. वाळूजला तो ज्या कंपनीत मशीनवर होता तिथली सुट्टी शुक्रवारी, आणि त्याची बायको अपेक्षा ज्या शाळेच्या ऑफिसात क्लार्क होती तिथली रविवारी. एका छपराखाली राहणारी, एका ताटात जेवणारी दोन माणसं, पण सुट्टीच्या दिवशी एकमेकांची पाठच बघायची.

आधी असं नव्हतं. लग्नानंतरची दोन वर्षं दोघांचा रविवार एकच होता, आणि तो त्यांनी अगदी पुरवून पुरवून वापरला. सकाळी सातला मोटारसायकल पडेगावातून बाहेर पडायची. मागं अपेक्षा, मांडीवर पिशवी, पिशवीत फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. कधी म्हैसमाळ, कधी सुलीभंजन, कधी पैठणच्या धरणावर पक्षी बघायला. पक्ष्यांची नावं दोघांनाही येत नसत, मग तीच ठेवायची. लांब पायांच्या एका पांढऱ्या पक्ष्याला अपेक्षानं "ग्रामसेवक" म्हटलं, कारण तो बराच वेळ नुसता उभा राहतो आणि कामाचं काही करत नाही. राजकुमार त्यावर आठवडाभर हसला होता.

मग त्याला जास्त पगाराची कंपनी मिळाली आणि सोबत शुक्रवार गळ्यात पडला. पहिले काही रविवार अपेक्षानं घरी काढले. कपडे धुतले, डबे घासले, डाळ निवडली, निवडलेलीच पुन्हा निवडली. शेवटी तिनं माहेरून आणलेली आपली सायकल पुसून काढली.

या सायकलीची गोष्ट आधी सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. अपेक्षा लासूर स्टेशनजवळच्या एका वस्तीवरची. हायस्कूलला रोज सहा किलोमीटर जायचं आणि सहा यायचं, सायकलवर, वारा तोंडावर घेत. बघायच्या कार्यक्रमात राजकुमारच्या मामानं विचारलं, "मुलीला छंद काय आहे?" आता अशा वेळी मुलीनं वाचन सांगावं, रांगोळी सांगावी. ही म्हणाली, "सायकल." मामा म्हणाला, "शिवायची का चालवायची?" म्हणजे शिलाईमशीन समजला बिचारा. सगळे हसले, राजकुमारही हसला, आणि त्याच हसण्यात लग्न ठरलं. पण छंद म्हणजे सांगायची गोष्ट असते, करायची नव्हे, अशी त्याची समजूत होती.

शहरात सायकलवाल्यांची एक टोळी होती, वीस-बावीस माणसं. दर रविवारी पहाटे नगर नाक्यावर जमायची आणि दौलताबादचा घाट चढून खुलताबादला चहा पिऊन परतायची. पडेगाव वाटेवरच. अपेक्षा त्यांच्यात सामील झाली. पहिल्या रविवारी ती परत आली तेव्हा राजकुमार ड्यूटीवर होता. संध्याकाळी त्यानं विचारलं, "काय मग, दमलीस का?" ती म्हणाली, "नाय वो. लई मजा आली." तो "लई" त्याच्या कानात जो अडकला तो निघेना.

मग मोबाईलवर फोटो यायला लागले. टोळीचा ग्रुप होता, त्यातले ती दाखवायची. एका फोटोत ती किल्ल्याच्या तटातल्या दरवाजाखाली सायकल धरून उभी, आणि खाली कुणा राजेंद्र सरांनी लिहिलेलं, "अपेक्षा मॅडम, मानलं. आज सगळ्यांच्या पुढं." पुढं अंगठा. राजकुमारनं ते वाचलं. जेवताना वाचलं, जेवल्यावर वाचलं, ती भांडी घासत होती तेव्हा तिचा मोबाईल उचलून पुन्हा वाचलं. त्यात वाईट एक अक्षर नव्हतं, आणि हेच त्याला वाईट वाटत होतं.

"हे सर कोण गं?"

"कॉलेजात शिकवतात. टोळीचे तेच म्होरके."

"लगीन झालंय का त्यांचं?"

"मी काय त्यांना बघायला गेले होते का?" अपेक्षा म्हणाली आणि भाताचं पातेलं उपडं घातलं.

जळणं हे राजकुमारच्या घराण्यातच होतं म्हणा. त्याचे आजोबा सूर्यभान, फुलंब्रीच्या अलीकडचे, चांगले नांगरधारी गडी. त्यांच्या बायकोनं, सखूबाईनं, एकदा देवळातल्या पखवाजवाल्याची वाहवा केली. म्हाताऱ्यानं पन्नाशीत टाळ घेतले आणि भजनात जाऊन बसला. टाळ असा वाजवायचा की पखवाज एका गावाला आणि टाळ दुसऱ्या गावाला. तीन एकादश्यांना भजन बुडालं, तेव्हा गावानं सखूबाईच्या पाया पडून सांगितलं, की आई, तू आता सूर्यभानाची तारीफ कर, नाहीतर देव गाव सोडून जाईल. नातू तरी कसा वेगळा निघावा?

नातवानं सायकल धरली, पण चोरून. त्याचा हिशोब असा, की अपेक्षाला आधी कळलं तर ती हसेल. घाट चढता आला, म्हणजे एक रविवार ड्यूटी बदलून घ्यायची, टोळीत जायचं, त्या सरांना तिच्या डोळ्यांदेखत मागं टाकायचं आणि वर पोचल्यावर शांतपणे म्हणायचं, "आता बास झालं, पुढच्या रविवारपास्नं घरी राहायचं." अख्खा संवाद त्यानं मशीनसमोर उभ्या उभ्या पाठ केला होता. तिचं उत्तर तेवढं त्यात नव्हतं.

कंपनीतला दोस्त सांडू मिटमिट्याला राहायचा. त्याच्या बापाची काळी, दणकट, मागं कॅरियर असलेली सायकल गोठ्यात उभी होती. शुक्रवारी दहाला अपेक्षा शाळेत गेली की राजकुमार मोटारसायकलवर सांडूच्या घरी जायचा, सायकल काढायचा आणि शरणापूर फाटा, दौलताबाद करत घाटाच्या पायथ्यापर्यंत. पहिल्या शुक्रवारी फाट्यावरच जीभ बाहेर आली. एक पेरूवाली म्हणाली, "दादा, गाडी बंद पडली का?" तो म्हणाला, "गाडी नाय मावशी, मी बंद पडलो."

एक वाजता तो घरी यायचा. अंग घामानं भिजलेलं, पँटीच्या पायाला साखळीचं काळं वंगण. अपेक्षाला दिसू नये म्हणून लगेच आंघोळ करायचा, पँट-शर्ट साबण लावून स्वतः धुवायचा, गच्चीवर वाळवायचा आणि ती यायच्या आत घडी घालून ठेवायचा. असे एकामागून एक शुक्रवार गेले. पाचव्या शुक्रवारी तो निम्मा घाट चढला, आठव्याला तीनदा थांबून का होईना पण वर पोचला.

इकडं घरात मात्र काहीतरी बिनसलं. अपेक्षा बोलेनाशी झाली. पूर्वी शाळेतल्या हेडमास्तरांच्या नकला करायची, त्या बंद. ताट वाढायची आणि उठायची. एकदा त्याचा शर्ट हातात घेऊन नाकाशी धरून उभी दिसली. त्यानं विचारलं, "काय झालं?" म्हणाली, "काय नाय. साबण नवा दिसतोय."

राजकुमारनं याचा एकच अर्थ काढला. बाईचं मन घरातून उडालं, आणि उडून कुठं बसलं ते ग्रुपवर अंगठ्यासकट लिहिलेलं आहे. रविवारी ड्यूटीवर त्याचं लक्ष घड्याळाकडं. आता साडेसहा, आता ती दरवाजाखालून जात असेल, आता घाट, शेजारी ते सर, हसत असतील. माल बिघडला आणि सुपरवायझरनं झापलं, तेही त्यानं सरांच्याच खात्यात टाकलं.

नववा शुक्रवार झाला आणि शनिवारी संध्याकाळी त्यानं सांगितलं, "उद्या मी बी येतो तुमच्या टोळीत. सांडू माझी ड्यूटी करनार हे."

त्याला वाटलं ती दचकेल. तिनं हातातला डबा पुसून फळीवर ठेवला. "या की," म्हणाली. "मलाबी तुमच्याशी बोलायचंच होतं. घरात नको, वर बोलू."

वर म्हणजे घाटावर. सरांच्या समोर. ज्याची भीती होती तेच ती उद्या सांगणार. त्याला नीट झोप लागली नाही, आणि पहाटे मिटमिट्याला जाताना त्यानं आपला पाठ केलेला संवाद पुन्हा म्हणून पाहिला, तर निम्मा विसरला होता.

टोळी फाट्यावर आली. बारीक चाकांच्या चकचकीत सायकली, डोक्याला टोप, आणि त्यात हा काळ्या कॅरियरवाल्या सायकलीवर, अंगात कंपनीचं जाकीट. अपेक्षानं त्या सायकलीकडं पाहिलं, कपाळाला आठी घातली. राजेंद्र सर पुढं आले. चाळिशीचा शिडशिडीत माणूस, पोट नावालाही नाही. हात मिळवून म्हणाले, "या, या. अपेक्षा मॅडमचे मिस्टर ना?" राजकुमारनं हात जरा जास्तच दाबला.

दौलताबादपर्यंत तो जिद्दीनं मधोमध राहिला. किल्ल्याच्या दरवाजातून बाहेर पडून घाट सुरू झाला आणि अपेक्षा बघता बघता पहिल्या वळणाआड गेली. राजकुमारनं जोर लावला. त्याचा डोळा सरांवर होता, पण सर काही पुढं जाईनात. एकेक जण निघून गेला. दुसऱ्या वळणावर राजकुमार सगळ्यांच्या मागं पडला, आणि त्याच्याही मागं सर, आरामात, शीळ घालत.

"सर, तुमी व्हा की पुढं," राजकुमार धापा टाकत म्हणाला.

"छे. सगळ्यात शेवटी जो असेल त्याच्या मागं मी. कुणी एकटं पडायला नको. दीड वर्ष हाच नेम आहे."

"म्हंजे... रोजच?"

"दर रविवारी. पुढच्या लोकांचं तोंड मला फक्त चहाला दिसतं. तुमच्या मॅडम तर आम्ही पोचेपर्यंत दुसरा चहा घेतलेल्या असतात. हळू घ्या, घाई काय?"

राजकुमार उतरला आणि सायकल ढकलायला लागला. चढामुळं नव्हे. दोन महिने ज्या खुंटीवर त्यानं सगळा राग टांगला होता, ती खुंटीच भिंतीतून निघून हातात आली होती. आता राग ठेवायचा कुठं?

वर पोचला तर अपेक्षा रस्त्याकडेच्या कठड्यावर बसली होती. पाय हलवत पेरू खात होती, तोंड लाल झालेलं, केस सुटलेले, नजर दूर खाली किल्ल्याकडं. शेजारी कुणी नव्हतं. ती कुणाची वाट बघत नव्हती. राजकुमार थबकला. असा चेहरा त्यानं घरात कधी पाहिला नव्हता, मोटारसायकलच्या आरशातही नव्हता. आणि त्याच्या काळजात पुन्हा चर्र झालं, आधीपेक्षा जास्त. माणसावर जळणं सोपं असतं, त्याला मागं टाकता येतं. या घाटाला कसं मागं टाकायचं?

त्याला बघितल्यावर तो चेहरा मिटला. ती खाली उतरली आणि त्याला बाजूला घेऊन म्हणाली, "आता खरं सांगा. शुक्रवारी कुठं जाता तुमी?"

"कुठं म्हंजे?"

"सरू मावशीनं समदं बघितलंय. मी गेले की निघता, एक वाजता येता. आल्या आल्या आंघोळ. आन वर आपले कपडे आपण धुता." तिनं सुटलेले केस मागं सारले. "तुमच्या सात पिढ्यांत कुण्या गड्यानं आपली पँट धुतली का? आपली कपबशी उचलत नाही तुमी. मग बाईनं काय समजायचं?"

सरूबाई म्हणजे समोरच्या घरातली म्हातारी, जिच्या दारावरून मांजर गेलं तरी नोंद होते. राजकुमारला कळेना हसावं की रडावं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथं दोन चोर एकाच चांदण्यात एकमेकांवर पहारा देत बसले होते. त्यानं काळ्या सायकलीकडं बोट केलं, मग वाकून पँटीचा पाय वर धरला. साखळीचं ताजं वंगण.

"नऊ शुक्रवार," तो म्हणाला. "सांडूच्या बापाची हे. फाट्यावरची पेरूवाली आता फुकट पेरू देती मला, सारखा बंद पडतो म्हणून कीव येऊन."

अपेक्षा वंगणाकडं बघत राहिली. "कशापायी पण?"

"त्या सरांना मागं टाकायचं होतं. तुला दिसायला पाहिजे होतं."

"सरांना?" ती म्हणाली. "अवो, सर सगळ्यांच्या मागंच असतात." आणि मग ती कठड्याला धरून अशी हसायला लागली की चहावाल्यानं गाळणी थांबवली. हसता हसता डोळे पुसले, आणि पुसता पुसता ती खरंच रडली, थोडं. दोन महिने ती शर्टांचा वास घेत जगली होती.

राजकुमार म्हणाला, "पर एक खरं सांगू? आताबी जळतंय. तू मघाशी बसली होतीस ना, माझ्याबिगर, तवा जास्त जळलं."

तिनं उरलेला पेरू त्याच्या हातात दिला. "मग जळा," ती म्हणाली. "मी रविवार सोडनार नाय. पर शाळेत महिन्याला एक रजा शिल्लक ऱ्हाती, ती शुक्रवारी टाकते. मला बघायचंय तुमी कसे बंद पडता ते."

पाठ केलेल्या संवादातलं एकही वाक्य राजकुमारच्या तोंडून निघालं नाही. त्यानं पेरू खाल्ला.

चहा झाला, टोळी उताराला लागली. अपेक्षानं मागं वळून पाहिलं नाही, वाऱ्यासारखी सुटली, आणि दोन वळणांत ठिपका झाली. राजकुमार ब्रेक दाबत, कचकच वाजवत निघाला. सर शेजारी आले आणि म्हणाले, "उताराला जमतंय की तुम्हाला. मी जरा पुढं जाऊन मॅडमना गाठू का? पुढच्या रविवारचं विचारायचं होतं."

राजकुमारनं ब्रेक आणखी दाबला. "नाय सर," तो म्हणाला. "तुमी आपले मागंच ऱ्हावा."