अप्पांच्या मापाची सायकल

आमचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोडेस्वार होते, असं आमच्या नात्यातला प्रत्येक माणूस सांगतो. सगळेच घोड्यावर बसलेले असतील तर घोड्यांना खरारा कोण करत होतं, हे मात्र कुठल्याच घराला माहीत नाही. अप्पा, म्हणजे माझे वडील, हा विषय निघाला की हसत. "माझ्यापुरतं सांगतो," ते म्हणत, "मी बावीस वर्षं सायकलस्वार होतो. त्याला साक्षीदार आहेत."

साक्षीदार खरोखरच होते. म्हैसूरबाहेर वरुणा गावाच्या बाजूला एका खेड्यातल्या सरकारी शाळेत ते मास्तर होते आणि शहरातल्या अग्रहार भागातल्या आमच्या घरापासून तिथवर रोज सायकलनं जात-येत. बस होती, पण बसमध्ये नीट विचार करता येत नाही असं त्यांचं म्हणणं. कधी रविवारी मला मागच्या कॅरिअरवर बसवून ते कालव्याच्या कडेच्या मातीच्या रस्त्यानं नेत. उजवीकडे भात, डावीकडे ऊस आणि समोर अप्पांची पाठ. माझ्या लहानपणचा बराचसा निसर्ग मी त्या पाठीच्या दोन बाजूंनी पाहिलेला आहे.

निवृत्तीनंतरही सायकल सुटली नाही. एकाहत्तराव्या वर्षी, भाजी घेऊन येताना, सायकलवरून उतरायला गेले आणि त्यांचा पाय वरच्या आडव्या नळीत अडकला. पडले. मनगट मोडलं. ते हॉस्पिटलमध्ये होते त्या दोन दिवसांत मी ती सायकल आमच्या पेपरवाल्याला देऊन टाकली. कोणाला विचारलं नाही. जबाबदार मुलगा असाच वागतो, अशी माझी समजूत होती. अप्पा घरी आले, जिन्याखालची रिकामी जागा त्यांनी पाहिली आणि काही बोलले नाहीत. पुढची तीन वर्षं त्याबद्दल बोलले नाहीत. पायी जाता येईल तेवढंच त्यांचं म्हैसूर उरलं: देऊळ, किराणा दुकान, कोपऱ्यावरचं हॉटेल.

मग माझ्या रक्तात साखर सापडली. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. त्या दिवसांत, म्हणजे लॉकडाऊन उठल्यानंतर, आमच्या गावात पहाटे अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून टेकडी चढणाऱ्या सायकलवाल्यांची टोळकीच्या टोळकी निघाली होती. चढायला एक तास, वर फोटो काढायला दीड. मला ते जमण्यासारखं नव्हतं. मला लहानपणच्या त्या मातीच्या रस्त्यांवरून जायचं होतं. ऑफिसातल्या एका जाणकारानं सांगितलं, मग हार्डटेल घे. पुढे झटके खाणारा फोर्क, मागे काही नाही, टायर जाड, बिघडायला फारसं काही नसतं. माझं बजेट पंधरा हजारांचं. तेवढ्यात नवी चांगली येत नव्हती. वापरलेल्या मात्र खूप होत्या. लॉकडाऊनच्या उत्साहात घेतलेल्या सायकलींवर आता बाल्कन्यांमधून टॉवेल वाळत होते.

"मीही येतो बघायला," अप्पा म्हणाले.

"न्या त्यांना," माझी बायको त्यांच्यादेखतच म्हणाली, "पण चालवायला देऊ नका हं."

"मी फक्त बघणार गं," अप्पा म्हणाले.

निघताना पाहिलं तर त्यांनी पँटचा उजवा पाय घोट्यापाशी गोळा करून वर रबरबँड लावला होता. पँट चेनमध्ये अडकू नये म्हणून शाळेत जाताना ते लावत, तसाच. नुसतं बघायला रबरबँड लागत नाही. मी न पाहिल्यासारखं केलं.

पहिली सायकल गावाबाहेरच्या एका नव्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, होती. विकणारा तरुण सॉफ्टवेअरवाला. सायकल काळी, चकचकीत, आणि तिच्याबरोबर हेल्मेट, हातमोजे, गॉगल, पाठीवरून नळीनं पाणी प्यायची पिशवी असा सगळा सरंजाम मांडलेला.

"किती चाललीय?" मी विचारलं.

"चार वेळा," तो म्हणाला, आणि प्रामाणिकपणे पुढे म्हणाला, "एकदा पंक्चर झाली म्हणून अर्ध्यातून आलो."

अप्पांनी पाहणी सुरू केली. चेनच्या चक्राचे दात बोटानं चाचपले, चाक फिरवून कान लावला, नळीवरून हात फिरवला. आमच्या पूर्वजांपैकी एक तरी खरोखर घोडे बघत असावा, असं मला पहिल्यांदाच वाटलं.

"स्टँड कुठाय?"

"याला स्टँड नसतो, यजमानरे." आमच्याकडे वयस्क माणसाला कानडीत असंच आदरानं बोलावतात.

"मडगार्ड?"

"तेही नसतं. वजन वाढतं."

"पाऊस पडतो ना तुमच्या लेआउटमध्ये?"

तो हसला. अप्पांनी सायकल दोन्ही पायांच्या मध्ये घेऊन पाहायचा प्रयत्न केला. ते पाच फूट तीन इंच, मी त्यांच्याहून वीतभर उंच. त्यांच्या टाचा जमिनीला टेकेनात. ते सावकाश बाजूला झाले.

"नको रे ही."

"का?"

"काळी आहे. शनीचा रंग."

अप्पांनी आयुष्यात कधी शनी मानला नव्हता. सायकल माझ्या अचूक मापाची होती, भाव बजेटात होता, आणि मी चिडून रिक्षात बसलो.

"अप्पा, ती मला बरोबर होती."

"होती ना. घे मग."

"तुम्हीच नको म्हणालात."

ते रस्त्याकडे बघत राहिले. एका सिग्नलपाशी म्हणाले, "माझी कुणाला दिलीस रे?"

तीन वर्षांनी. रिक्षात, एवढ्या हॉर्नच्या गोंगाटात.

"पेपरवाल्याला."

"चालवतो का तो?"

"नाही. विकली त्यानं. मोपेड घेतली."

"सरी," अप्पा म्हणाले. "होगली बिडु." म्हणजे बरं, जाऊ दे. आमच्या घरात मोठ्या गोष्टी कानडीत सोडून देतात. मराठीत सोडल्या तर घरात राहतील अशी भीती असावी.

पुढच्या शनिवारी आम्ही जुन्या सायकली दुरुस्त करून विकणाऱ्या एका दुकानात गेलो. दुकानदार अप्पांच्याच वयाचा होता आणि सायकलीची स्तुती करायची त्याला सवय नव्हती, त्यामुळे मला तो लगेच आवडला. मी मोठ्या सायकली बघत होतो. अप्पा मागच्या भिंतीपाशी जाऊन थांबले होते. तिथे एक मळक्या हिरव्या रंगाची, ठेंगणी हार्डटेल उभी होती. फोर्कवर ओरखडे, ग्रिप झिजलेल्या. पण तिची वरची नळी आडवी नव्हती. हँडलपासून सीटच्या खालपर्यंत ती घसरगुंडीसारखी उतरत गेली होती.

अप्पा त्या उतारावरून तळवा फिरवत होते. वरून खाली, पुन्हा वरून खाली.

"इथून पाय सहज जातो," ते म्हणाले. मला नव्हे, सायकलीला.

मी इतके दिवस गिअर, ब्रेक, फोर्क असं काय काय वाचलं होतं. त्यांनी एकच गोष्ट पाहिली होती. ज्या नळीनं त्यांना पाडलं, ती इथे वाटेतून बाजूला झाली होती.

"तुम्हाला लहान होईल ही, सर," दुकानदार कानडीत मला म्हणाला. "पंधरा इंची फ्रेम. गुडघे हँडलला लागतील. यजमानांना मात्र बरोबर आहे."



"सीट वर होते ना?" अप्पांनी विचारलं. बघत होते सायकलीकडेच.

"होते. पण—"

"झालं तर. करून घेईल तो वर."

मी बसून दुकानासमोर एक फेरी मारली. शेजारच्या दुकानाच्या काचेत मला स्वतःचं दर्शन झालं. सर्कशीतलं अस्वल यापेक्षा सुखानं बसत असेल.

"छान दिसतोस," अप्पा म्हणाले. अठ्ठेचाळीस वर्षांत माझ्याशी बोललेलं त्यांचं हे दुसरं खोटं, शनीचं धरून; निदान मला समजलेलं.

"पुढच्या आठवड्यात मोठी येईल एक," दुकानदार म्हणाला. "थांबा. घाई काय?"

मी विचारात पडलो. खरंच घाई नव्हती. साखर कुठे पळून जाणार होती? अप्पांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि खाली वाकून पँटचा, आजही लावलेला, रबरबँड काढायला लागले.

"हीच द्या," मी म्हणालो. "स्टँड बसवा. मडगार्ड, घंटी पण. आणि सीट आहे तिथेच राहू दे."

दुकानदारानं एकदाच मान हलवली आणि पाना घेतला. अप्पांनी रबरबँड राहू दिला.

घरी बायकोनं सायकलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग अप्पांकडे.

"ही कुणाची?"

"माझी," मी म्हणालो.

"हो का? आणि पाय कुठे ठेवणार तुम्ही?"

रात्री जेवताना करार झाला. फक्त सकाळी, गर्दी व्हायच्या आत, फक्त आपल्या गल्लीत, सर्कलच्या, म्हणजे गल्लीच्या तोंडाशी असलेल्या चौकाच्या, अलीकडेच मागे वळायचं. अप्पा प्रत्येक कलमाला "सरी" म्हणाले. शाळा तपासायला आलेल्या साहेबालाही ते असंच म्हणत असणार.

सकाळी ते निघाले. उताराच्या नळीवरून पाय सहज गेला, कुठे अडकला नाही. पहिल्या दोन घरांपर्यंत हँडल थोडं डुगडुगलं, मग पाठ सरळ झाली. लहानपणी सगळा प्रवास मी जिच्यामागे बसून केला ती पाठ. आता अर्ध्या गल्लीवरून बघताना ती मला फारच लहान दिसली. सर्कलपाशी त्यांनी वळण्यासाठी उजवा हात लांब बाहेर काढला. रस्त्यावर एक कुत्रंसुद्धा नव्हतं. घराकडे यायचं तर पुरता वळसा घेऊन मागे फिरायला हवं होतं. ते नुसते उजवीकडे वळले आणि मोठ्या रस्त्याला लागले.

स्कूटरची किल्ली माझ्या हातात होती. दोन मिनिटांत गाठता आलं असतं. बायको मागून "अहो, अहो" करत होती. मी किल्ली परत खिळ्याला अडकवली आणि पायरीवर बसलो.

सव्वादोन तासांनी आले. चेहरा लाल, शर्ट पाठीला चिकटलेला. स्टँड लावला, सायकल नीट उभी आहे की नाही हे पाहिलं, आणि माझ्यावर चांगलेच वैतागले.

"कालव्यापर्यंत गेलो," म्हणाले. "सगळा रस्ता डांबरी करून टाकलाय. उगीच घेतलेस रे एवढे जाड टायर."